बुरोंडीचा किनारा आणि पाच इंद्रिये

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे मासेमारीच्या होड्यांचे गाव. येथे पृथ्वीच्या अर्धगोलावर उभी असलेली परशुरामांची 21 फूट उंचीची मूर्ती दुरूनही नजरेत भरते. प्रवासी येतात, पाहतात, छायाचित्रे घेतात आणि लाडघर किंवा कोळथऱ्याच्या वाटेला लागतात. मात्र दृष्टी मंदावलेल्या आजोबांच्या वाट्याला या सहलीतून काय येते?

तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांचा क्रम स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र असा आहे. चक्षू चौथे आहे. स्पर्श मात्र एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सर्व संसारी जीवांना लाभलेला आहे. आपली सार्वजनिक उद्याने या क्रमाच्या उलट रचली जातात. रंगीत फुले आणि कारंजी डोळ्यांसाठी असतात, आणि हात पुढे झाला की ‘स्पर्श करू नये’ ही पाटी आडवी येते.

सर्व इंद्रियांना सामावून घेणारे उद्यान रचण्याची सामग्री बुरोंडीच्या परिसरात निसर्गतःच आहे. जांभा दगडाचा खरखरीतपणा तळहाताला कळतो. सुरूच्या झाडांतून वाहणारा वारा समुद्राची दिशा सांगतो. बकुळीची फुले आपोआप गळतात. ती वेचताना झाडाला इजा होत नाही आणि सुकल्यावरही त्यांचा सुगंध टिकतो. रसनेसाठी कोकमाचे सरबत आहेच.

सामग्रीइतकीच वाटही महत्त्वाची. एक फूट चढण्यासाठी किमान बारा फूट लांबीचा उतार, दोन्ही बाजूंना कठडा आणि थोड्या थोड्या अंतरावर सावलीतील बाक एवढे झाले, तरी चाकांच्या खुर्चीतील मूल कोणाच्या खांद्यावर न बसता वर पोहोचेल. उंच मूर्तीची छोटी प्रतिकृती आणि ब्रेल फलक हाताच्या उंचीवर ठेवल्यास अंध यात्रेकरूलाही तिचा आकार कळेल. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते. पाण्याचा निचरा आधीच नीट केला, तर वृद्धांचे पाय घसरणार नाहीत आणि शेवाळातील अनंत जीवांची विराधनाही टळेल.

अशा उद्यानाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नागपूरच्या पारडी भागात नव्वद हजार चौरस फुटांवर ‘अनुभूती’ या समावेशक उद्यानाचा प्रकल्प 2023 मध्ये जाहीर झाला. 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा विचार करून त्यात स्पर्श आणि गंधाच्या बागेची योजना करण्यात आली.

व्यापारी समाजाने पाणपोया, धर्मशाळा आणि पांजरपोळ उभारले, तेव्हा जनावराचा उपयोग विचारला नाही. उद्यानातील बाक देणगी म्हणून देताना त्यावर कोणाचे नाव कोरावे, हे आपण आवर्जून ठरवतो. त्या बाकापर्यंत कोण कोण पोहोचू शकेल, हेही त्याच बैठकीत ठरले पाहिजे. दान तेवढ्यानेच पूर्ण होईल.