दोन बटनांची शर्यत

व्हिडिओ गेम हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये दोनच वाक्यांत येतो. पोरे वाया चालली, हे एक आणि आईबापांचे लक्ष नाही, हे दुसरे. दोन्ही वाक्ये आम्हीही वापरतो. (इथे आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. घरी 'हम' म्हणत वाढलो, त्यामुळे मराठीत 'मी' लिहिताना पेन अडखळते.) तरीही 'एक्साइटबाइक' नावाच्या एका मोटारसायकल शर्यतीच्या खेळाविषयी लिहावे, असे वर्षभर मनात आहे.

खेळ जुना आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८४ साली तो फॅमिकॉम या आपल्या यंत्रासाठी काढला. आखणी शिगेरू मियामोतो यांची. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ज्यांचा 'सुपर मारिओ' जगभर गाजला तेच हे गृहस्थ. सबंध खेळ अवघ्या २४ किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी येणारे गुलाबाचे एखादे चित्रसुद्धा याहून जड असते.

अस्सल जपानी यंत्र सोलापूरच्या आमच्या मोहल्ल्यात कुणी पाहिले नव्हते. आले ते त्याची नक्कल केलेले डबे. टीव्हीला वायर जोडायची, वर पिवळी कॅसेट खुपसायची. कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले आणि आत मोजकेच खेळ, नावे बदलून पुन:पुन्हा मांडलेले. खालाच्या घरी असा एक डबा होता. शुक्रवारी दुपारी तिथे दहा-बारा पोरे जमत. नियम एकच, गाडी पडली की पाळी गेली. खालाला खेळ कळत नसे, पण पाळीचा हिशेब तीच ठेवी आणि तिच्या निकालावर अपील नसे. अशा ठिकाणी कोण विचार करत बसणार? मिळालेल्या अर्ध्या मिनिटात जो तो जमेल तेवढी गाडी पळवून घेई.

त्यानंतर तो खेळ पुन्हा हाती आला तो शाळेत, जप्तीचा माल म्हणून. आता तळहातावर मावेल एवढ्या यंत्रात असे चारशे खेळ भरून विकतात. सातवीतला एक मुलगा ते बाकाखाली धरून बसला होता. शाळेचा नियम असा की वस्तू पालकांच्याच हाती परत द्यायची. पालक येईपर्यंत ते यंत्र आमच्या पिशवीत राहिले आणि इशाच्या नमाजीनंतर पिशवीतून बाहेर आले.

दिसायला खेळ अगदीच साधा. गाडी डावीकडून उजवीकडे धावते. (आमची सगळी लिखापढी उजवीकडून डावीकडे, पण गणिताची पोरांना सवय असल्यामुळे याचे त्यांना काही वाटत नाही.) रस्त्याला चार पट्टे. वर-खाली करून पट्टा बदलायचा. ना वळण, ना डोंगर, ना गाव. वेगाची बटने दोन. एका बटनाने गाडी बऱ्यापैकी पळते, दुसऱ्याने सुसाट सुटते. पाहणारा म्हणेल की मग पहिले बटन ठेवलेच कशाला?

त्याचे उत्तर पडद्याच्या खालच्या भागात आहे. तिथे एक पट्टी असते, इंजिनाच्या उष्णतेची. साध्या बटनावर ती मध्यावर येऊन थांबते. सुसाट बटन दाबून धरले की चढतच जाते आणि भरली की इंजिन बंद. मग स्वार गाडीसह रस्त्याकडेला उभा राहतो, गाडी निवेपर्यंत हलत नाही आणि घड्याळ मात्र पळत असते. रस्त्यात कुठे कुठे बाण रंगवलेले आहेत. त्यावरून चाक गेले की पट्टी झर्रकन खाली येते. म्हणजे खरा खेळ पट्टीचा आणि बाणांचा. पुढचा बाण कुठे आहे हे ठाऊक असेल, तर तिथवर उष्णता उधळायला हरकत नाही. ठाऊक नसेल तर दोन दोन सेकंदांनी बोट उचलावे लागते. रस्ता पाठ झाला की तोच रस्ता निराळा दिसू लागतो.

दुसरी गोष्ट उडीची. चढावरून गाडी हवेत गेली की डाव्या-उजव्या बटनाने तिचे नाक वर-खाली करता येते. उतारावर पडताना दोन्ही चाके उताराशी समांतर टेकली तर वेग टिकतो. पुढचे चाक आधी टेकले तर कोलांटी. म्हणजे उडी मारताना पाहायचे ते पडण्याच्या जागेकडे. शिवाय जास्त वेगाने घेतलेली उडी कधी कधी नुकसानीची ठरते, कारण ती सोयीचा उतार ओलांडून थेट पुढच्या चढाच्या तोंडावर नेऊन टाकते. अशा ठिकाणी मुद्दाम हळू जाणारा आधी पोचतो. हे आमच्या ध्यानात यायला तीन रात्री लागल्या. आमच्या बेगमला तीनही रात्री जाग होती, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत आवडली. दुसऱ्या प्रकारच्या शर्यतीत इतर गाड्याही धावतात. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागले तर आपण पडतो, त्याचे आपल्या मागच्या चाकाला लागले तर तो पडतो. पोरे त्यांना पाडण्यात रमतात. पण ते स्पर्धक नाहीतच! कितीही गाड्या मागे टाका, त्या येतच राहतात. क्रमांक लागतो तो निव्वळ वेळेवर. म्हणजे गर्दी ही रस्त्याचाच एक भाग, खड्ड्यासारखी. शर्यत घड्याळाशी.

पालक आले नाहीत. तेव्हा रविवारी आम्हीच गेलो. मुलाच्या वडिलांचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. पत्र्याचे छप्पर आणि सोलापूरचा एप्रिल. मुलगा कार्बोरेटर उघडून रॉकेलमध्ये धूत होता. आम्ही यंत्र काढून वडिलांपुढे धरले. त्यांनी हात पुसून पडद्याकडे पाहिले. मुलाला राहवले नाही. "अब्बा, ये बटन पकडकेच रक्खे तो गाडी बंद पडती. बाण आने तक सँभालना पडता."

वडील आमच्याकडे वळून म्हणाले, "सही बोलता, सर. टू-स्ट्रोक को लगातार रेस दिए तो पिस्टन पकड लेता. गेम बनानेवाला गाडी चलाया दिखता." मग त्यांनी यंत्र हातात घेऊन दोनदा गाडी पाडली आणि हसले.

आम्ही खरे तर दुसऱ्याच कामासाठी आलो होतो. आठवी झाली की मुलाला कायमचा दुकानात घ्यायचा, असे त्यांनी ठरवल्याचे कानावर होते. आमच्या शाळेत हे नवे नाही. आठवीनंतर पटावरची नावे गळतात. वडिलांची बाजूही कच्ची नव्हती. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला, नव्या गाड्यांचे कार्बोरेटर जवळजवळ गेले, इंधन इंजेक्शन आले. बिघाड आता स्कॅनर सांगतो, आणि तोही इंग्रजी अक्षरे-आकड्यांत. "मेरेकू वो पढना नइं आता, सर. इसकू आता. इसीलिए तो चाहिए."

याच कारणासाठी तो आम्हालाही वर्गात हवा होता. आम्ही आयटीआयचे सांगितले. मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला दहावी लागते, हे सांगितले. त्यांनी चहा मागवला. चहा आला की आमच्याकडे विषय संपला असे समजतात. मग आम्ही मुलाला म्हटले, वही आण.

या वहीविषयी सांगायचे राहिलेच. 'एक्साइटबाइक'मध्ये स्वत:चा रस्ता तयार करण्याची सोय आहे. चढ, चिखल असे एकोणीस तुकडे, प्रत्येकाला इंग्रजी अक्षर, ए पासून एस पर्यंत. हवे ते क्रमाने मांडायचे आणि त्यावर गाडी चालवायची. जपानमध्ये असा रस्ता जपून ठेवण्यासाठी गाण्यांच्या कॅसेटवर नोंदणारे एक वेगळे यंत्र मिळे. ते जपानबाहेर विकलेच गेले नाही. त्यामुळे पडद्यावर 'सेव्ह' हा शब्द राहिला, पण त्यामागे काही नाही. यंत्र बंद केले की रस्ता पुसला जातो. या मुलाने त्यावर उपाय काढला होता. उर्दूच्या वहीत मागच्या पानापासून तो अक्षरे लिहून ठेवी, दर ओळ म्हणजे एक रस्ता. पुढून उजवीकडून डावीकडे मजमून, मागून डावीकडून उजवीकडे रस्ते. काही अक्षरांवर काट मारून शेजारी दुसरे लिहिले होते. तिथे उडी जमली नसणार. एवढा खाडाखोडीचा कष्टाळू गृहपाठ त्याने आम्हाला कधी दाखवला नव्हता.

वडिलांनी पाने उलटली. अक्षरे त्यांना लागली नाहीत, पण मुलगा बोटाने सांगत गेला की हा मोठा चढ, ही सपाट जागा, इथे रेस सोडायची. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "देखते, सर." यंत्र त्यांनी परत मुलाला न देता गल्ल्यात ठेवले.

यंदा तो आठवीत आहे. सकाळी वर्गात, दुपारनंतर दुकानात. नववीचे अजून काही ठरलेले नाही. ईदला भेटलो तेव्हा वडिलांनी तो विषय काढला नाही आणि आम्हीही शीरखुर्मा संपेपर्यंत थांबलो, मग काढला. "देखते" हेच उत्तर. यंत्र मात्र जुम्म्याला गल्ल्यातून बाहेर येते, असे कळते. मागच्या महिन्यात मुलाने एक ओळ कागदावर लिहून आमच्या टेबलावर ठेवली. लागोपाठ तीन चढ आहेत, मधली जागा मुद्दाम तोकडी. सुसाट गेले तर दुसऱ्यावर आपटते आणि साध्या बटनावर तिसरा चढ गाठता येत नाही. दुसऱ्या चढाच्या आधी कुठेतरी बोट उचलून पुन्हा टेकवायचे आहे. नेमके कुठे, ते विचारले तर सांगत नाही, नुसता हसतो. आम्ही रोज रात्री तिसऱ्या चढावर पडतो आहोत.