आडोसा

आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांना दारे पुष्कळ असत. पण आतून कडी लावावी असे दार त्यांत एखाददुसरेच. बाकीची जणू उघडी टाकण्यासाठीच बसवलेली. ‘आमच्या घरात काही आडपडदा नाही हं!’ हे वाक्य आपण पाहुण्याला केवढ्या अभिमानाने ऐकवतो! आडपडदा नसणे हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. आणि ज्या घरात तो असेल, त्या घरात काहीतरी शिजते आहे, असा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पक्का समज असतो.

आता वाडे गेले. हिंगोलीतही मजल्यांवर मजले चढले, दरवाजादरवाजाला लॅच आले. पण सवय काही गेली नाही. लॅच लावल्याचा ‘खट्’ असा आवाज झाला रे झाला की बाहेरून प्रश्न येतोच, “आत काय चाललंय गं एवढं?”

मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे शब्दांच्या पाठीमागे लागण्याची मला खोड आहे. इंग्रजीतल्या ‘प्रायव्हसी’ला मराठीत काय म्हणावे, याचा मी एकदा बसून विचार केला. ‘एकांत’ म्हणावे, तर डोळ्यांपुढे एक तर तपाला बसलेला ऋषी येतो, नाही तर नुकतेच लग्न झालेले जोडपे. ‘गुप्तता’ म्हटले की पोलीस आठवतात. आणि ‘खासगी’ म्हटले की आठवते खासगी शिकवणी! वास्तविक हा शब्द एके काळी केवढा खानदानी होता. होळकरांच्या दौलतीत ‘खासगी’ म्हणजे राणीच्या स्वतःच्या अखत्यारीतली मिळकत. अहिल्याबाईंनी देशभर देवळे, घाट आणि धर्मशाळा उभारल्या, त्या या खासगीच्या बळावर. आमच्या औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धारही त्यांच्याच नावावर सांगितला जातो. जे आपले स्वतःचे असते, त्यातूनच माणूस जगाला काही देऊ शकतो, असाच याचा अर्थ नव्हे का?

अखेर मला जो शब्द आवडला तो ‘आडोसा’. ऊन, वारा, पाऊस यांच्यापासून घ्यावा तो आडोसा. शेतात निंदणी करणारी बाई तान्ह्याला पाजायला बांधाकडच्या बाभळीचा आडोसा घेते. ती काही लपवते आहे, असे कुणाच्या मनातही येत नाही. आडोशात संशयाला जागा नाही. नुसती सावली आहे.

या शब्दावर इतका वेळ रेंगाळण्याचे कारण आमच्या घरातला एक पडदा. तोही कापडाचा नव्हे, काँप्युटरचा!

आमची लेक अकरावीत आहे. घरचा काँप्युटर बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर. मुलांचा काँप्युटर सर्वांच्या डोळ्यांसमोर असावा, असा उपदेश आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे आणि तो वावगाही नाही. पण त्या वाटेने माझे सासरे, म्हणजे घरातले आबा, दिवसातून पंचवीसदा जातात; आणि समोर जे अक्षर दिसेल ते मोठ्याने वाचायचे, ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. एसटीत बसले की ते रस्त्यावरच्या पाट्या वाचतात. घरात पडद्यावरचे वाचतात. एके रात्री जेवताना त्यांनी नातीने लिहिलेल्या दोन ओळी सगळ्यांना म्हणून दाखवल्या. त्यात कौतुकच होते. पाहुणे हसले, तेही कौतुकानेच.

लेक रडली नाही, रागावलीही नाही. तिने लिहिणे थांबवले, एवढेच.

मला ते फार लागले. तिच्या वयाची असताना माझीही एक वही होती आणि तीही अशीच कुणीतरी चारचौघांत वाचली होती. त्यानंतर मी जे काही लिहिले ते परीक्षेसाठी.

दसऱ्याला माझा भाचा वसमतहून आला. तो पॉलिटेक्निकचा विद्यार्थी. हिंगोलीचा दसरा पाहणे हे निमित्त, मामीच्या हातच्या पुरणपोळ्या हा खरा हेतू. बहिणीची अवस्था पाहून तो भंगारवाल्याकडे गेला आणि सतरा इंची, चपट्या जातीचा एक जुना मॉनिटर काखोटीला मारून आला. मी त्याला दोन दिवस त्याला हात लावू दिला नाही, कारण वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरांत वीज दबा धरून बसते आणि मागच्या दिव्यांच्या नळ्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागतो, असे त्यानेच मला सांगितले होते. जाणकार माणूस जवळ नसेल तर वाचकांनीही असल्या पेटीच्या वाटेला जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी त्याने स्क्रू काढले, पुढची चौकट उचकटली आणि काचेच्या कोपऱ्यात पाते सरकवून वरची फिल्म सोलायला घेतली. उन्हाळ्यात पापडाची लाटी पोळपाटावरून उचलावी, तशा हलक्या हाताने ती पुरी सोलायला त्याला अर्धा तास लागला. काचेवर राहिलेला चिकटा त्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढला. मॉनिटर पुन्हा जोडला, चालू केला. आणि पाहतो तो काय, पडदा पांढराशुभ्र! अक्षर नाही, चित्र नाही. मग त्याने त्या फिल्मचा एक तुकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि त्या पांढऱ्या शून्यातून मजकूर उमटला. तुकडा बाजूला केला की पुन्हा शून्य.

यातली मेख त्याने मला समजावून दिली, ती अशी. प्रकाशाची लहर वाटेल त्या दिशेने थरथरत येते. ही फिल्म म्हणजे प्रकाशाला भांग पाडणारी फणी. ती एकाच दिशेची थरथर पुढे जाऊ देते. मॉनिटरमध्ये अशा दोन फण्या असतात, एक मागे, एक पुढे. आणि दोहोंच्या मध्ये द्रवरूप स्फटिकांचा पातळ थर. विजेचा इशारा मिळेल त्याप्रमाणे हे स्फटिक कुठे प्रकाशाची दिशा वळवतात, कुठे तशीच राहू देतात. कुठला प्रकाश बाहेर सोडायचा आणि कुठला अडवायचा, हा निवाडा पुढची फणी करते. तिनेच रजा घेतली, तर सारा प्रकाश सरसकट बाहेर येतो. आपल्या डोळ्याला तेजातला फरक कळतो, दिशेतला कळत नाही; म्हणून सगळे पांढरे! लिहिलेले जागच्या जागी असते; आपल्याला ते वाचता येत नाही, इतकेच.

या युक्तीमागे केवढी वंशावळ आहे! १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनिट्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर प्रयोग करीत होता. त्यापासून केलेला एक पदार्थ १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाला आणि पुढे १७८.५ अंशांना पुन्हा वितळल्यासारखा निवळशंख झाला. धड घन नव्हे, धड द्रव नव्हे, असे हे द्रवरूप स्फटिक. त्यांचा एक नवा प्रकार १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढला, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. आणि ती फणी? तशी पातळ फिल्म बनवण्याच्या पेटंटसाठी एडविन लँड या विशीतल्या अमेरिकन तरुणाने १९२९ साली अर्ज केला. गंमत पाहा, त्याच १९२९ साली व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेचे एक पुस्तक निघाले. बाईला लिहायचे असेल, तर तिला वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची एक खोली हवी, असे तिने त्यात मागितले होते. एकीने खोली मागितली. एकाने, नकळत का होईना, त्या खोलीचा पडदा विणायला घेतला.

आमच्या बायकांना खोली मिळाली नाही. त्यांना मिळाले जाते. पहाटे घर निजलेले असताना दोन दगडांच्या घरघरीत बाईला जो आडोसा मिळे, तो चार भिंतींनीही मिळाला नसता. सासूचा जाच, माहेरची ओढ, गेलेले मूल, सगळे ती मोठ्या आवाजात गाई आणि तरीही ते झाकलेले राही. ओवी सर्वांच्या कानांवर पडे; कळे ती जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला हात लावणाऱ्या बाईला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून या ओव्या जमवल्या, तेव्हा त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. एवढे त्या पांढऱ्या पडद्यामागे लिहिलेले होते! गंगाखेडची जनाबाई नरसीच्या नामदेवाच्या घरी दळणकांडण करी. तिच्या जात्याला हात लावायला खुद्द विठ्ठल येई, अशी श्रद्धा आहे. मला वाटते, त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी जागा जात्यापाशीच होती. म्हणून देवालाही तिला तिथेच गाठावे लागले.

भाच्याने आबांच्या जुन्या चष्म्याच्या भिंगा काढून त्या चौकटीत फिल्मचे दोन तुकडे बसवले. त्यातही खुबी होती. तुकडा उलटा बसला की काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे दिसे. आमच्या पडद्याच्या फणीची दिशा तिरकी, म्हणून तुकडाही तसाच तिरका बसवावा लागला. चष्मा तयार झाला आणि घरात करमणूक सुरू झाली. लेक चष्मा घालून त्या पांढऱ्या पडद्यासमोर बसे, टकटक करी, मधूनच स्वतःशी हसे. शेजारच्या वहिनींनी एकदा ते पाहिले आणि मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारले, “कुणाला दाखवलंत का हो तिला?” खरा प्रकार कळल्यावर त्यांचा चेहरा अधिकच गंभीर झाला. “मुलीच्या जातीला एवढा आडोसा कशाला?” त्या म्हणाल्या.

हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नव्हता. फसवणारे लोक आज फोनवरून आणि पडद्यावरून घरात शिरतात आणि ‘कुणाला सांगू नकोस’ हाच त्यांचा पहिला मंत्र असतो. आईच्या पोटात भीतीचा गोळा उठतो तो उगाच नव्हे. पण मी वहिनींना म्हटले, “घराच्या धाकाने गप्प बसणारी मुलगीच त्या मंत्राला आधी बळी पडते. जिचं मन घरात कुणी उचकटलेलं नाही, ती संकटात आपण होऊन सांगायला येते.” माझे म्हणणे त्यांना पटले की नाही, कोण जाणे! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की, खासगीपण हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो निकाल सरकारला उद्देशून होता. स्वयंपाकघरापर्यंत पोचायला त्याला अजून वेळ लागेल.

त्या रात्री भाच्याने मला एक गोष्ट सांगितली. “मामी, हे काही कुलूप नव्हे. पोलराइज्ड काचांचा कुठलाही गॉगल घातला आणि मान जरा कलती केली, की सगळं वाचता येतं. तसले गॉगल बाजारात मिळतात. शिवाय उरलेली फिल्म आहेच.” ती उरलेली फिल्म वीतभर नव्हे, चांगली हातभर होती. तिच्यात आणखी कितीतरी चष्मे निघाले असते. मी ती माझ्या कपाटात ठेवू शकले असते. लेकीला कधी कळलेही नसते. दुसऱ्या दिवशी मी ती तिच्याच देखत गुंडाळली आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला प्रयोगासाठी देऊन टाकली.

आमच्या औंढा तालुक्यात ‘लायगो’ नावाची एक अजस्र वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे सव्वीसशे कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसरचा किरण धावेल आणि कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशात उठलेली बारीकशी थरथर टिपील. ब्रह्मांडाचे गुपित ऐकायला माणसाला एवढा खटाटोप पडतो. शेजारच्या खोलीतले गुपित ऐकायला भिंतीचे कान पुरतात. म्हणूनच ते न ऐकणे अधिक कठीण असावे.

या दिवाळीच्या आधी आबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. उन्हात जाताना वापरायला म्हणून माझ्या नवऱ्याने त्यांना एक चांगला गॉगल आणून दिला. एके संध्याकाळी आबा फिरून आले ते गॉगल डोळ्यांवर ठेवूनच. लेक दाराकडे पाठ करून लिहीत बसली होती. कणीक मळता मळता मला स्वयंपाकघरातून दोघेही दिसत होते. आबा तिच्या मागे थबकले. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला. ओठ हलायला लागले. पन्नास वर्षांची सवय ती! माझा हात परातीतच थांबला.

पण आवाज काही बाहेर आला नाही. आबांनी ओठ मिटले, सावकाश गॉगल काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

तेव्हापासून ते फिरून आले की उंबऱ्याबाहेर चपला काढतात आणि चपलांबरोबर गॉगलही काढतात. लेकीला यातले काही ठाऊक नाही. ती काय लिहिते, ते मला ठाऊक नाही. ती लिहिते आहे, एवढे मात्र मला रोज रात्री ऐकू येते.