मुरूम आणि मोटार

गेल्या वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या आईला दम्याचा झटका आला. मी अमरावतीला आणि आई मूर्तिजापूर तालुक्यात, गावाबाहेर वावरातल्या घरी. धाकट्या भावाने तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर टेकवून बसवले. वावरापासून डांबरी सडकेपर्यंतची दीड किलोमीटरची पांदण पार करायला त्याला पाऊण तास लागला. सडकेवर एक भाड्याची जीप खोळंबून उभी होती. पुढचा अकोल्याचा दवाखाना तासाभरात आला. आई बरी झाली, पण ‘आता मोटार घ्यायचीच’ हा ठराव आमच्या घरात एकमताने संमत झाला. मतभेद झाले ते कोणती, यावर.

माझे मत उंच, दणकट, जुन्या गाडीचे. पांदणीच्या चिखलाला तीच पुरी पडेल, असा माझा हिशेब. आमच्या कन्येचाही मला पाठिंबा होता. मात्र तिची कारणे चिखलाशी संबंधित नव्हती. सौ.चे मत नव्या कोऱ्या छोट्या गाडीचे. “दुसऱ्याने वापरून टाकलेली दुखणी आपण का विकत घ्यायची?” हा तिचा सवाल. त्यावर मराठीच्या प्राध्यापकाजवळही उत्तर नव्हते.

मार्गशीर्षात अकोल्याला एक जुनी गाडी विकाऊ असल्याचे कळले, तेव्हा आम्ही दोघे एस.टी.ने निघालो. अमरावती ते अकोला हा शंभरेक किलोमीटरचा रस्ता एकेकाळी हाडे खिळखिळी करण्याबद्दल प्रसिद्ध होता. आता त्याची कीर्ती निराळी आहे. जून 2022 मध्ये याच महामार्गावर 75 किलोमीटर लांबीची एकेरी डांबरी पट्टी 105 तास 33 मिनिटांत अखंड घातली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोह्याचा होता, सुमारे 25 किलोमीटरचा. दोह्याला वऱ्हाडाने मागे टाकले, हे वाचून त्या दिवशी आम्ही कॉलेजात पेढे वाटले होते!

बडनेरा मागे पडले, लोणी, कुरूम, माना गेली. दोन्ही अंगांना काळी जमीन. कपाशी पांढरी फुटलेली, बाया ओटीत कापूस वेचताहेत, तुरीला पिवळी फुले. ही काळी माती मोठी मानी. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्या जिवावर वऱ्हाडाने साऱ्या जगाला कापूस पुरवला, आणि तिच्याच पायी वऱ्हाडातली पांदण चार महिने बंद असते.

मूर्तिजापूरला शकुंतलेच्या रुळांची आठवण येतेच. एका बाजूने यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूने अचलपूर जोडणारी ती अरुंद रुळांची आगगाडी आता बंद आहे. स्टँडवर भाऊ आईला घेऊन उभा होता. तिला अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवायचे होते, म्हणून ती आमच्यासोबत आली. गाडीची परीक्षा तिच्यासमोर होईल असे मात्र मी ठरवले नव्हते.

अकोल्याला माझा एक जुना विद्यार्थी मोटारींची दुरुस्ती करतो. व्याकरणात तो कच्चा होता, पण इंजिनात पक्का निघाला. गाडी नऊ वर्षांची, किंमत साडेसात लाख. मीटर बावन्न हजार किलोमीटर दाखवत होते. दलाल म्हणाला, “डॉक्टरसाहेबांची गाडी, घर ते दवाखाना एवढीच फिरली.” विद्यार्थ्याने काही न बोलता दार उघडले आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर मला दाखवले. ते झिजून गुळगुळीत झाले होते.

“सर, मीटर मागे फिरवता येते. रबर पुन्हा उगवत नाही.”

मग त्याने सांगितले, की पंधरा वर्षांची नोंदणी संपायला सहाच वर्षे उरली. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि वर पर्यावरण कर. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही चढे. मी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला : “पण चिखलात?” तो हसला. “सर, जोर मागच्या दोनच चाकांना. काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत. मग गाडी उंच असो की बुटकी, बैलच आणावे लागतात.”

इतक्यात आईने त्या गाडीत चढण्याचा प्रयत्न केला. पायरी तिच्या गुडघ्याला लागत होती. विद्यार्थ्याने स्टूल आणले. आई स्टुलावर उभी राहून माझ्याकडे वळली. “काहून रे बापू, मले दवाखान्यात नेतं का वरातीत घोड्यावर बसवतं?”

निकाल लागला होता. सौ. माझ्याकडे पाहत नव्हती, हा तिचा मोठेपणा.

जेवताना मी म्हणालो, नवी छोटी गाडी सहा लाखांत येईल, दीड लाख वाचतील. आई भाकरी मोडीत म्हणाली, “तुही गाडी अमरावतीले, मी वावरात. रात्री दम लागला तं तू येशीन कवा? रस्ता असन तं कोणाचीबी गाडी येते. त्या पैशाचा मुरूम टाक.”

ज्याच्यासाठी मोटार घ्यायची, तो प्रश्न मोटारीचा नव्हताच, हे चौथी शिकलेल्या बाईने सांगितले.

आम्ही छोटी गाडी घेतली. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. “जरा थांबला असता तर!” हे आता मी रोज ऐकतो. पण थांबलो असतो तर मुरूमही थांबला असता. वैशाखात भावाने शेजारच्या शेतकऱ्यांना जमवले, कोणी वर्गणी दिली, कोणी ट्रॅक्टर. आधी दोन्ही अंगांनी नाल्या काढल्या, कारण पाणी निघून गेले नाही तर काळी माती मुरूम गिळून टाकते. सगळ्यात वाईट असा चारशे पावलांचा टप्पा तेवढा पक्का झाला. त्याला नऊ दिवस लागले. गिनीज बुकवाले काही फिरकले नाहीत.

यंदाच्या श्रावणात आईला पुन्हा धाप लागली. भावाने 108 ला फोन केला आणि रुग्णवाहिका थेट आमच्या गोठ्यापाशी येऊन उभी राहिली. मी माझ्या नव्या मोटारीतून धावतपळत अकोल्याला पोहोचलो, तेव्हा आई खाटेवर बसून चहा पीत होती.

“आलास?” ती म्हणाली. “आता घरी जाताना तुह्याच गाडीत बसतो. बुटकी हाये, बरी हाये.”