फटीतली कात

पावसाळ्यात बोरी नदी नळदुर्गच्या पाणीमहालावरून कोसळते, तेव्हा नर-मादी धबधब्यांसमोर माणसांची झुंबड उडते. माझी नजर मात्र तटाच्या काळ्या दगडांतल्या फटींवर जाते. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेल्या या महालाजवळ मला एकदा धामणीची अख्खी कात सापडली. उन्हात धरली तर खवल्याखवल्याची जाळी दिसत होती, डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्याही शाबूत होत्या.

आमचं जुनं घरही दगडमातीचंच, वर माळवद. कणगीत ज्वारी, ज्वारीमागे उंदीर, उंदरामागे जनावर. दिवेलागणीनंतर आजी सापाचं नाव घेत नसे, ‘लांबडं’ म्हणायची. साप चावला असंही नाही, ‘पान लागलं’. सरपणाला हात घालण्याआधी काठीने ठोकायची. आम्ही अंधारात निघालो की ओरडायची, “अनवाणी जाऊ नगंस, आधी कंदील घे!”

पंचमीला लेकीबाळी वारुळाला जातात. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, नांगर धरायचा नाही. हा दिवस मला फार प्रिय आहे. पण पूजा नागाची होते, आणि नाग निदान फणा काढून बजावतो. मण्यार बजावत नाही. काळीभोर, तुकतुकीत, अंगावर जोडीजोडीने पांढऱ्या बारीक पट्ट्या. रात्री भुईवर निजलेल्याच्या अंथरुणात शिरते. दंश जेमतेम जाणवतो, खूणही धड दिसत नाही.

शेजारच्या काकू एका पहाटे पोट दुखतंय म्हणाल्या. ओव्याचं पाणी दिलं. उजाडेपर्यंत पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. एकाच्या ध्यानात आलं आणि मांत्रिकाकडे न नेता त्यांना थेट दवाखान्यात हलवलं. प्रतिविष दिलं, दोन दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवलं, तेव्हा त्या परतल्या. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली, बहुतेक खेड्यांतली. हा आकडा वाचला की मला त्या मिटत चाललेल्या पापण्या दिसतात.

काकू अजून पंचमीला वारुळाला जातात, लाह्या वाहतात. रात्री मात्र खाटेवर निजतात. निजण्याआधी बॅटरीच्या उजेडात मच्छरदाणीची कड गादीखाली खोचत जातात, चारही कोपरे हाताने चाचपून.