निळा डाग

आमचा भाचा विमान दुरुस्तीच्या कामाला लागला, तेव्हा वस्तीत सगळ्यांनी धरून चालले की पोरगा ओझरला लागला. नाशिकमध्ये विमान म्हटले की ओझर. १९६४ साली तिथे कारखाना उभा राहिला, मिग विमाने बनली, पुढे सुखोई आली. पण भाचा तिथे नाही. तो वैमानिक शिकवणाऱ्या एका संस्थेत उमेदवारी करतो. नाव सांगत नाही, पोराच्या पोटाचा प्रश्न आहे. तिथली विमाने दोन माणसांची, पुढे पंखा असलेली, पेट्रोलवर चालणारी. आणि त्यांना कार्बोरेटर असतो! ओझरच्या जेट विमानांना तो नसतोच. हे ऐकून आम्हा दोघा भावांना केवढा आनंद झाला. सातपूरला आमचे रिक्षा-स्कूटरचे गॅरेज, उभा जन्म कार्बोरेटर खोलण्यात गेला.

गेल्या पौर्णिमेला भाचा घरी आला. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी विहारात वंदना करून आलो, जेवणे झाली. आम्ही म्हटले, "सांग बघू, तुमचा कार्बोरेटर कसा असतो?"

"मामा, आपल्या चेतक स्कूटरसारखाच की! वाटी, वाटीत फ्लोट, फ्लोटवर पिन."

आया-बहिणींसाठी सांगतो. घरातल्या पाण्याच्या टाकीचा बॉलकॉक ज्यांनी पाहिला, त्यांना कार्बोरेटर कळला. पेट्रोल भरले की फ्लोट वर येतो, पिन भोकात बसते आणि पेट्रोल बंद होते. पिनेखाली कचरा अडकला, पिन झिजली, किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडाला, की पेट्रोल थांबत नाही, वाहतच राहते. भाच्याच्या विमानात टाक्या वर पंखांत आहेत आणि कार्बोरेटर इंजिनच्या बुडाला लटकलेला. मध्ये पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानेच उतरते. म्हणजे एक पिन बसली नाही तर टाकी रिकामी होईपर्यंत गळती. खाली साचलेल्या पेट्रोलवर इंजिन चालू करताना भडका उडाला, तर इंजिन फिरवतच राहायचे, म्हणजे ज्वाला आत ओढली जाते, असे त्यांना शिकवतात. हे ऐकून ताईने हातातले ताट खाली ठेवले.

गळती शोधायची त्यांची रीत आम्हाला फार आवडली. विमानाचे पेट्रोल निळे असते. ते उडून गेले तरी डाग निळा राहतो. वाऱ्याने डाग मागे पसरतो, म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा डाग पाहायचा, गळतीचे मूळ तिथे. शिवाय थेंब दिसला म्हणजे गळतीच, असेही नाही. चालू करण्याआधी कोणी थ्रॉटल दोन-तीनदा जास्त ढकलला, तर वर फेकलेले पेट्रोल परत खाली टिपकते. म्हणून आधी सगळे पुसून कोरडे करायचे, पेट्रोलचा कॉक उघडायचा, थ्रॉटलला हात लावायचा नाही आणि बॅटरीचा उजेड धरून बसायचे. पुन्हा थेंब आला तर ती गळती.

भाचा एका सकाळी असाच बसला होता. पहिल्या उड्डाणाची वेळ झालेली. वरचा मेकॅनिक म्हणाला, "काल शिकाऊ पोरांनी थ्रॉटल मारला असेल. पूस आणि लिही, गळती नाही." याने पुसले, दहा मिनिटे थांबला. थेंब आला. वरच्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन टोले दिले. थेंब थांबला.

"झाले. लिही आता."

"सर, तुम्ही लिहा. मी नाही लिहिणार."

त्या माणसाने कामाचे काही न विचारता याला पूर्ण नाव विचारले. आडनाव दोनदा वदवून घेतले. पुढचे काय ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

परवाना असलेल्या इंजिनिअरच्या सहीशिवाय विमान उडत नाही. ते साहेब आले, त्यांनी वाटी खोलायला लावली. पिनेखाली रबराचा एवढासा तुकडा निघाला. टोल्याने तो सरकला होता, गेला नव्हता. भाचा अजून कामावर आहे, पण तेव्हापासून त्याला विमाने धुवायला ठेवले आहे. ताई म्हणाली, "लिहून टाकायचे होते रे, कर्ज फिटलेले नाही फीचे." तो म्हणाला, "आई, रोज वंदनेत एहिपस्सिको म्हणतेस ना? ये आणि पाहा. मी पाहिले होते."

आम्ही दोघे भाऊ मान खाली घालून बसलो. ते दोन टोले आमचेच होते. गॅरेजात गर्दी असली की आम्हीही वाटीवर टकटक करतो. १९९६ च्या उन्हाळ्यात वस्तीतल्याच एका रिक्षावाल्या दादांना असेच टकटक करून "काही नाही, चालवा" म्हटले होते. संध्याकाळी तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल पडून रिक्षा पेटली. दादांचा उजवा हात भाजला, चार महिने धंदा बंद. वायरिंगचा शॉर्ट झाला असेल, असे आम्ही लोकांना सांगितले. दवाखान्याला पैसेही दिले, पण शेजारधर्म म्हणून दिले असे दाखवले.

दादा आता हयात नाहीत. गेल्या रविवारी आम्ही दोघे त्यांच्या मुलाकडे गेलो आणि खरे ते सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत त्या वायरिंगवाल्याला शिव्या देत होते. बोलणे टाकले होते त्याच्याशी."

तो वायरिंगवाला सिडकोत राहायला गेला, एवढेच कळले आहे. त्याचे घर शोधतो आहोत.