हौद तुझ्या कासवांना मोकळा आहे, सीना नाही

चि. बाळ,


तुझी दोन्ही कासवं मंद्रूपला आण. परसातल्या माशांच्या हौदात त्यांची सोय करतो. शेततळ्यात सोडू का म्हणालीस, तिथे मात्र नाही, आणि औजच्या बंधाऱ्यात किंवा सीना नदीत तर मुळीच नाही. हे फोनवर सांगून भागलं असतं. पण काचेच्या पेटीत न मावणारी कासवं पुण्यात, सोलापुरात घरोघरी आहेत आणि त्यांच्या माणसांना शेवटी नदीच आठवते. म्हणून हे पत्र तुझ्या नावाने, पण सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

तू आणलीस तेव्हा ती तळहातावर मावत होती. हिरवीगार पाठ, डोळ्यामागे लाल पट्टा. हे कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. मादीची पाठ पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर ते तीस वर्षंही जगतं. तुझं शिक्षण, नोकरी, लग्न, मुलंबाळं, एवढ्या सगळ्यातून ते सोबत असणार. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने 1997 मध्ये त्याची आयात बंद केली. आपल्याकडे गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते 2018 मध्ये सापडलं. कुणीतरी पुण्य म्हणूनच सोडलं असेल. परक्या पाण्यातही ते तग धरतं, उन्हाला बसायच्या जागा आणि खाणं बळकावतं, रोग घेऊन येतं. त्रास होतो तो तिथल्या मूळच्या कासवांना.

आणि आपल्याकडची कासवं काही थोडीथोडकी मोलाची नाहीत. लीथचं मऊ पाठीचं कासव घे. ते फक्त भारताच्या द्वीपकल्पातल्या नद्यांत सापडतं. 1872 मध्ये ग्रे या शास्त्रज्ञाने शास्त्राला त्याची ओळख करून दिली ती पुण्याच्या नमुन्यावरून, म्हणजे तुझ्याच गावाच्या. आज ते नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. 2022 मध्ये पनामाच्या परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. पुण्याचं पाणी भीमेतून आपल्याकडेच येतं आणि कुडलला सीना तिला मिळते. 1018 सालचा मराठी शिलालेख ज्या संगमेश्वराच्या देवळात आहे, ते याच संगमावर. अशा पाण्यात अमेरिकेचं कासव सोडायला माझा हात धजणार नाही.

शेततळ्याला नाही म्हणालो त्याचं कारण वेगळं. गेल्या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीनंतर शेजारच्या शेततळ्यात एक कासव पडलं. शेततळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर कासवाचे पाय ठरत नाहीत. बिचारं दोन हात वर चढायचं की घसरून परत पाण्यात. आम्ही काथ्याचं जुनं पायपुसणं दोरीला बांधून उतारावर सोडलं, तेव्हा कुठे ते त्यावर चढलं. घमेल्यात घेतलं तर लांब मान सर्रकन आत गेली आणि पोटाखालच्या दोन कातडी झडपांनी मागचे पाय झाकले. आत फुस्स असा आवाज. आपल्या ओढ्याओहोळांतलं हे झडपांचं कासव. ओलं पोतं पांघरून ठेवलं आणि वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन केला. तुझा मामेभाऊ म्हणाला, ठेवू या की हौदात. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. ते घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद. आणि कायदा नसता तरी मी नाहीच म्हणालो असतो. उन्हाळ्यात चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट बघणारा जीव तो, त्याला सिमेंटच्या हौदात सुख कुठलं?

आता आपल्या हौदाचं. त्यात गप्पी मासे आहेत, काही रोहू आणि कटला आहेत. तुझी कासवं गप्पी मासे फस्त करतील आणि मोठ्या माशांचे पर कुरतडतील. म्हणून मासे आधीच हलवतो, रोहू-कटला शेततळ्यात आणि गप्पी गोठ्याकडच्या टाकीत. कासवाला फुप्फुसं असतात. श्वासासाठी त्याला वर यावं लागतं, आणि अंग पूर्ण कोरडं करून उन्हाला बसावं लागतं. ऊन मिळालं नाही तर पाठ मऊ पडते. काचेच्या पेटीत तुझ्या धाकट्या कासवाची पाठ बोटाने दबते म्हणालीस, ते बहुधा याचमुळे. पेटी गॅलरीत ठेवून भागणार नाही. काचेतून येणारं ऊन त्याच्या कामाचं नाही, आणि उन्हात पेटीतलं पाणी तापतं. आधी प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखव.

इथे एका कडेला शहाबादी फरशी तिरकी बसवतो, तिचं एक टोक पाण्यात राहील. आपल्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, उथळ पाणी तर उकळायलाच लागतं. म्हणून अर्ध्या हौदावर द्राक्षबागेतलं उरलेलं शेडनेट टाकतो आणि पाणी कमरेएवढं ठेवतो. कडेने पत्र्याचं कुंपण, वीतभर जमिनीत गाडलेलं, कारण ही कासवं चढतातही आणि उकरतातही. आत मातीचा एक वाफा. नर नसला तरी मादी अंडी घालते, जागा मिळाली नाही तर पोटात धरून आजारी पडते. एक नर निघाला तर अंडी उकरून काढायची, हे आत्ताच ठरवून ठेवू. खायला गाईंसाठी केलेला अझोला आहेच, शिवाय गांडुळं, गोगलगाई. भात-चपाती टाकायची नाही. हौदाचं घाण पाणी शेवग्याला आणि नारळाला जाईल.

कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियम लहानमोठ्या सगळ्यांना. त्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो. अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे ती त्याचमुळे, मुलं ती तोंडात घालत. आणि कुंपणाला कुलूप राहील. वीस नखांचं कासव घरात असलं की पैशाचा पाऊस पडतो म्हणणारी माणसं अजून हिंडतात. झडपांच्या कासवाला पायागणिक तीनच नखं असतात, तरी त्यालाही सोडत नाहीत. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशांसाठीच आहे.

पंढरीच्या वाटेवर लहानपणी ऐकलेलं तुला आठवत असेल, कासवी पिलांना नुसत्या नजरेने पोसते. खरी कासवी अंडी पुरून निघून जाते, परत वळूनही बघत नाही. पण संतांनी सांगितलेली ती नजर आपल्याला, पाळणाऱ्यांना, घेता येईल. उचलायचं नाही, पाठ थोपटायची नाही, फरशीवर पाय ताणून बसलेलं लांबून बघायचं. कासवाला कुरवाळून घ्यायची हौस नसते. माणसाला असते.

कुंपण श्रावणापर्यंत होईल. त्यांना पाण्यात घालून आणू नकोस. भोकं पाडलेल्या डब्यात ओल्या कापडावर ठेव, दोघांना वेगवेगळं, आणि पहाटेची गाडी धर. तोवर कोणी काहीही म्हणो, त्यांना मुठेच्या काठी नेऊ नकोस. आणि कुणी मैत्रीण नवीन घेऊ का विचारेल, तिला हे पत्र दाखव.

तुझा,
मामा
मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर