लाइपझिगचे वाफे

जर्मनीच्या पूर्व भागातील लाइपझिग हे शहर संगीतप्रेमींना बाखमुळे ठाऊक असते. १७२३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, तो महान संगीतकार तेथील सेंट थॉमस चर्चमध्ये संगीताची धुरा सांभाळत होता. आपण मुलाबाळांसह कधी त्या शहरात गेलात, तर चर्च पाहून झाल्यावर अर्धा दिवस हाताशी ठेवावा आणि पश्चिमेकडील आखेनर श्ट्रासे या रस्त्याकडे वळावे. तेथे भव्य असे काहीच नाही. एक जुनी सभागृहवजा इमारत, तिच्यासमोर मुलांना हुंदडण्यासाठी मोकळे मैदान, आणि भोवताली कुंपणांनी विभागलेले भाजीपाल्याचे छोटे छोटे बगीचे. प्रत्येक बगीच्यात अवजारे ठेवण्यापुरती आणि पाऊस आला तर टेकण्यापुरती एक लाकडी खोपटी. सभागृहाच्या इमारतीत जर्मनीतील छोट्या बागांचे संग्रहालय आहे. पालकांनी आधी ते पाहावे, कारण बाहेर जे दिसते त्याचा जन्म कसा झाला, हे आत गेल्याशिवाय उमगत नाही.

या बागांना जर्मनीत ‘श्रेबरगार्टन’ म्हणतात. नाव पडले डॉ. मोरिट्झ श्रेबर यांच्यावरून, आणि गंमत अशी, की या गृहस्थांनी असली एकही बाग कधी उभारली नाही. ते अस्थिव्यंगांवर उपचार करणारे लाइपझिगमधील डॉक्टर होते. कारखान्यांमुळे शहर भराभर वाढत होते, मुले कोंदट घरांत आणि अरुंद गल्ल्यांत वाढत होती. त्यांना व्यायाम हवा, खेळायला मोकळी जागा हवी, असे श्रेबर कळकळीने सांगत. घरच्या घरी करायच्या व्यायामांवरील त्यांचे पुस्तक अनेक भाषांत गेले. पण त्यांची दुसरी बाजूही आपण जाणून घ्यायला हवी. मुलांनी वाकून बसू नये म्हणून त्यांनी मेजाला बसवायचा एक लोखंडी दांडा योजला होता. तो छातीपुढे असा आडवा येई, की लिहिताना पुढे झुकणे मुलाला अशक्य व्हावे. झोपेत कूस बदलू नये म्हणून पट्टे होते. शिस्त हेच औषध, अशी त्यांची धारणा होती. त्यांचा एक मुलगा पुढे न्यायाधीश झाला आणि गंभीर मनोविकाराने ग्रासला गेला. त्याने आपल्या आजाराविषयी लिहिलेल्या आठवणींवर फ्रॉइडने १९११ मध्ये प्रसिद्ध निबंध लिहिला. मुलाच्या आजाराचे मूळ वडिलांच्या त्या उपकरणांत शोधावे की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

श्रेबर १८६१ मध्ये वारले. तीन वर्षांनी, १८६४ मध्ये, हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी पालकांना एकत्र करून एक संघ स्थापन केला. ‘शाळा संघ’ किंवा ‘शिक्षण संघ’ असले रूक्ष नाव नको, म्हणून दिवंगत डॉक्टरांचे नाव दिले. पुढल्या वर्षी मुलांसाठी खेळाचे मैदान खुले झाले. तेथे गेझेल नावाचे एक निवृत्त शिक्षक मुलांचे खेळ घेत. १८६८ च्या सुमारास त्यांना एक कल्पना सुचली. मैदानाच्या कडेने छोटे वाफे आखायचे आणि मुलांनी त्यांत भाजी आणि फुले लावायची.

पुढे काय झाले, ते कोणत्याही आईवडिलांना सांगावे लागणार नाही. मुले उत्साहाने आली, त्यांनी माती उकरली, बी टाकले आणि चार दिवसांनी चेंडूमागे पळाली. वाफ्यांत तण माजले. कोवळी रोपे सुकताना पाहवेना, म्हणून आईवडील खुरपे घेऊन बसले. हळूहळू मुलांचे वाफे कुटुंबांचे वाफे झाले, त्यांना कुंपणे आली, मग खोपट्या आल्या. मैदानावर खेळणारी मुले आणि कडेला मातीत हात घालून बसलेले, एकमेकांशी बोलणारे मोठे, असे दृश्य तयार झाले. १८७६ मध्ये बाग आजच्या जागी हलली, तरी मधले मैदान तिने सोडले नाही.

या घटनेकडे मुलांचे अपयश म्हणून पाहण्याचा मोह होतो. मला ते तसे वाटत नाही. मूल वाफ्यापाशी एकटे टिकत नाही, हा काही त्याचा दोष नव्हे. बी पेरल्यापासून फळ हाती येईपर्यंतचा काळ सहा वर्षांच्या मुलाच्या हिशेबात एक युगच असते. शेजारी मोठे माणूस स्वतःच्या वाफ्यात खरोखर गुंतलेले असेल, तर मात्र ते मूल पळून गेले तरी परत येते. श्रेबर यांच्या लोखंडी दांड्याला जे साधायचे होते, त्यातले बरेचसे या बागेने दांड्याविना साधले. उकिडवे बसणे, झारी उचलणे, वाकणे, उभे राहणे, उन्हात असणे, आणि हे सारे कोणी ‘ताठ बस’ असे न सांगता.

आज एकट्या लाइपझिगमध्ये असे अडीचशेहून अधिक बागसंघ आहेत. आपल्या परसबागेशी तुलना केलीत तर एक भेद ठळकपणे जाणवेल. येथे घर एकीकडे आणि बाग दुसरीकडे असते. सदनिकेत राहणारे कुटुंब संघाचे सभासद होऊन तुकडा भाड्याने घेते. जर्मनीच्या १९८३ च्या कायद्यानुसार हा तुकडा सहसा ४०० चौरस मीटरांहून मोठा नसावा, खोपटी २४ चौरस मीटरांच्या आत असावी आणि तेथे कायमचे बिऱ्हाड करू नये. शिवाय निदान एक तृतीयांश जमिनीवर भाजी आणि फळे पिकवलीच पाहिजेत. नुसती हिरवळ राखून आरामखुर्ची टाकली, तर संघाकडून विचारणा होते. हा नियम प्रथम जाचक वाटतो, पण दोन महायुद्धांच्या उपासमारीत या तुकड्यांनीच कुटुंबांच्या ताटात बटाटा आणि कोबी घातला.

मुलांना जे आवडते, ते हंगामाच्या कामांत आहे. बाहेरची जमीन अजून गारठलेली असते, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातल्या खिडकीशी टोमॅटोचे बी रुजवले जाते. वसंतात बागेतले पाण्याचे नळ पुन्हा सुरू होतात, मग मुळ्याचे बी थेट जमिनीत. तेथला लाल, बोराएवढा मुळा सुमारे चार आठवड्यांत तयार होतो. मुलाच्या हाती पहिले बी द्यायचे तर ते याचेच, कारण चार आठवडे ही त्याच्या सबुरीची मर्यादा आहे. टोमॅटोच्या रोपांना मात्र मेच्या मध्यापर्यंत थांबावे लागते. ११ ते १५ मे हे दिवस ‘हिमसंतां’चे मानले जातात. त्यातली शेवटची ‘थंड सोफी’. ती गेल्याशिवाय रोप बाहेर काढू नये, ही तेथली लोकसमजूत. मृग लागल्याशिवाय पेरणीला हात न घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ती लगेच कळेल. मुलांना या सोफीबाईंचा भारी राग येतो.

जून-जुलैत स्ट्रॉबेरी आणि घोसाने लटकणारी लाल, आंबट करंटची फळे. यांची तोडणी मुलांवर सोपवली, तर टोपलीत अर्धीच पोहोचतात, हे गृहीत धरलेले असते. उन्हाळ्यात बरेच संघ आपला मेळा भरवतात. पोत्यात पाय घालून शर्यती, आणि तिन्हीसांजेला कागदी कंदील हाती घेऊन बागेतल्या वाटांवरून मुलांची मिरवणूक. जुन्या काळी उन्हाळी सुट्टीत गरीब घरांतील मुलांना या मैदानांवर बोलावून खेळ घेत आणि दूध पाजत. शरदात बटाटे खणायचे. वर काहीच दिसत नाही आणि मातीत हात घातला की गुप्तधन लागते, म्हणून मोठेही या कामात मुलांशी स्पर्धा करतात. एवढेच पाहावे, की उन्हामुळे हिरवा पडलेला बटाटा पोटात जाऊ नये. तो विषारी असतो. तशीच एक वनस्पती रूबार्ब. तिच्या आंबट देठांचा मुरंबा होतो, पण पाने खायची नसतात, हे तेथले मूल लहानपणीच शिकते. कच्च्या अळूच्या पानाने घसा खाजतो, हे आपल्याकडचे मूल शिकते तसेच.

अशा बागांनी आरोग्यात खरोखर काही फरक पडतो का, हा प्रश्न आपण विचारणारच. अमेरिकेत डेन्व्हर परिसरातील सामुदायिक बागांमध्ये २९१ प्रौढांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना बागेत वाफा मिळाला, ते वाफ्याच्या प्रतीक्षेत असलेल्यांपेक्षा रोज सुमारे दीड ग्रॅम तंतू अधिक खाऊ लागले. आकडा लहान आहे, पण तो उपदेशाने नव्हे तर वाफ्याने वाढला. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट अनेक पालक अनुभवाने जाणतात. जी भाजी बाजारातून आली म्हणून ताटात बाजूला सरते, तीच स्वतः उपटून धुतली की निदान चाखली जाते. उपटण्याआधी धनुर्वाताची लस झालेली असावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत, एवढे पथ्य कुठल्याही देशातल्या मातीला लागू आहे.

आपल्या सोसायटीच्या मागे चार वाफ्यांची जागा असेल आणि मुलांसाठी काही करावे असे मनात असेल, तर एक वाफा मुलांचा आणि तीन मोठ्यांचे ठेवावेत. केवळ मुलांची बाग काढून तिचे उद्घाटन, रोप हाती धरलेले छायाचित्र आणि महिन्याभराने वाळलेल्या काड्या, हा प्रकार आपण पुष्कळ पाहिला आहे. मोठ्यांनी मात्र देखरेखीला जाऊ नये. आपापली मेथी पेरायला जावे.

लाइपझिगला हिवाळ्यात जाण्याचे योजले असेल, तरी ही बाग वगळू नये. नळ बंद झालेले असतात, नाहीतर पाणी गोठून ते फुटतील. खोपट्यांना कुलपे असतात. झाडांवरच्या लाकडी घरट्यांतील जुना कचरा काढून ती पक्ष्यांसाठी तयार ठेवण्याचे काम याच दिवसांत होते. वाफे उघडे पडलेले असतात, फक्त कुठे कुठे केल नावाची, कुरळ्या पानांची कोबीच्या कुळातली भाजी ताठ उभी दिसते. तिच्यावर दव गोठून गेल्यावर ती गोड लागते, असे जर्मन लोक मानतात. त्यामुळे थंडीचा कडाका पडल्यावरच कोणीतरी मुलाला हातमोजे घालून, टोपी कानांवर ओढून, एकच जुडी आणायला वाफ्याकडे पाठवते.